फिरत्या घराचा पक्का पत्ता
निवृत्तीनंतर मोटारघरात राहण्याचा विचार करणाऱ्या वऱ्हाडातील दांपत्यांसाठी

नोकरीतील शेवटची स्वाक्षरी होते, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी स्थिरावलेली असतात आणि अमरावतीच्या कॅम्पातील वा अकोल्याच्या जठारपेठेतील चार खोल्यांचे घर दोघांना एकाएकी मोठे वाटू लागते. आयुष्यभर रजा मोजून केलेले प्रवास आता रजेशिवाय करता येतील, हा विचार याच सुमारास मनात येतो. त्यातूनच अलीकडे एक नवी कल्पना मध्यमवर्गीय घरांत बोलली जाऊ लागली आहे. प्रवासाला जायचे आणि परत यायचे असे न करता प्रवासातच राहायचे. घरच चाकांवर घ्यायचे. अमेरिकेत अशा वाहनाला आरव्ही म्हणतात, युरोपात मोटारहोम किंवा कॅम्पर व्हॅन, तर आपल्याकडील सरकारी कागदपत्रांत कॅराव्हॅन हा शब्द रूढ आहे. मराठीत मोटारघर म्हणावे.

चार-आठ दिवसांच्या सहलीसाठी मोटारघर भाड्याने घेणे आणि त्यात बारा महिने संसार मांडणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात चूक झाली तर एक सहल बिघडते. दुसऱ्यात आयुष्यभराची पुंजी, राहते घर आणि उतारवयातील प्रकृती हे सारेच पणाला लागते. म्हणूनच गाडी कोणती घ्यावी यापेक्षा पाणी, ऊन, कागदपत्रे, दवाखाना आणि परतीची वाट यांचा विचार आधी व्हायला हवा.

वऱ्हाडाला नवे नाही

चाकांवरचे किंवा तंबूतले राहणे वऱ्हाडाला अपरिचित नाही. मोटारी येण्यापूर्वी येथील कुटुंबे दमणी आणि रेंगी जुंपून यात्रांना निघत. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमच्या यात्रेत आजही राहुट्या उभारून मुक्काम करण्याची प्रथा आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी ही यात्रा महिन्याहून अधिक काळ चालते. चुलीवरची हंडी आणि रोडगे ही तिची ओळख होय. शेगावहून आणि कौंडिण्यपूरहून आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालख्यांबरोबरचे वारकरी कित्येक आठवडे घराबाहेर राहतात. सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि मुक्कामाची ठरलेली गावे अशी त्यामागची व्यवस्था असते. घराबाहेर दीर्घकाळ सुखाने राहता येते ते या व्यवस्थेच्या बळावर, हे वारीने शिकवले आहे.

गाडी हेच घर असणारा समाजही येथे आहे. गाडी लोहारांचे संसार पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीवरच चालले. चितोड सोडताना पक्क्या घरात न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, अशी आख्यायिका त्यांच्यात सांगितली जाते. गावाच्या कडेला गाडी सोडायची, भाता लावायचा, शेतकऱ्यांची विळे-फाळ शेवटून द्यायची आणि पुढच्या गावी निघायचे, असा हा जीवनक्रम होता. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी समाजाबरोबर त्यांची नोंद आहे. भटक्या समाजांना पत्ता नसल्याची मोठी किंमत मोजावी लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक समाजांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिधापत्रिका, शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र अशा प्रत्येक टप्प्यावर रहिवासाचा पुरावा मागणारी खिडकी समोर उभीच राहिली. निवृत्त अधिकारी हौसेने जी अवस्था स्वीकारू पाहतो, ती इतरांच्या वाट्याला नाइलाजाने आली होती. तिच्यातील सर्वांत कठीण भाग कोणता, हे त्यांच्या अनुभवावरून कळते.

याच मातीतील सर्वांत मोठा प्रवासी म्हणजे संत गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि त्यानंतरची सुमारे ५१ वर्षे रस्त्यावरच काढली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. बाबांचे फिरणे विरक्तीचे आणि लोकशिक्षणाचे होते. निवृत्तांच्या भ्रमंतीशी त्याची तुलना करणे योग्य ठरणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतः घर न करणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला छप्पर, पाणी आणि स्वच्छ जागा लागते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत निवृत्तीनंतर मोटारघरात राहणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. हिवाळ्यात हे लोक उत्तरेकडील बर्फ टाळून ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उबदार राज्यांकडे सरकतात. ॲरिझोनातील क्वार्टझाइट या छोट्या गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर त्यांना सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शुल्क भरून राहण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलियात अशा ज्येष्ठ भटक्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणजे पिकल्या केसांचे भटके असे नाव पडले आहे.

जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ नावाचा क्लब स्थापन केला. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे त्याचे मुख्यालय आहे. फिरस्त्या सभासदांची टपाले स्वीकारून ती जेथे असतील तेथे पाठवणे हे क्लबच्या प्रमुख कामांपैकी एक ठरले. पुढे सभासदांची वये वाढली, काहींना गाडी चालवणे झेपेनासे झाले. अशांना आपल्याच मोटारघरात राहून जेवण, औषधपाणी आणि दवाखान्यापर्यंतची ने-आण मिळावी, म्हणून त्याच गावी एक मदत केंद्र उभारण्यात आले. घर सोडून निघालेल्यांनाही शेवटी एक पत्ता आणि एक परतीची जागा निर्माण करावी लागली, हा त्या चळवळीचा मोठा धडा आहे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ मधील ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात घराचा खर्च परवडेनासा झाल्याने व्हॅनमध्ये राहून हंगामी मजुरी करणाऱ्या ज्येष्ठांची हकीगत आली. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. छायाचित्रांतील मोटारघराशेजारच्या खुर्च्या आणि सूर्यास्त पाहताना ही बाजूही ध्यानात ठेवावी.

गाडी आणि कायदा

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेनुसार बिगर-परिवहन वाहनांच्या वर्गात मोडते. म्हणजे स्वतःच्या वापरासाठी ती घेतल्यास प्रवासी वाहतुकीचा परवाना लागत नाही. मात्र ती भाड्याने देता येत नाही. मोटार कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र तांत्रिक मानक आहे.

अनेकांना सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जुनी मिनीबस किंवा मालवाहू व्हॅन घेऊन स्थानिक गॅरेजमध्ये पलंग, ओटा आणि टाकी बसवून घेणे. येथेच सावध राहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली. परवानगीविना बदल केलेल्या गाडीचा अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि नोंदणी पुस्तकात वाहनाचा प्रकार कॅम्पर व्हॅन असाच नोंदला जाईल याची खात्री करून घ्यावी.

साडेसात टनांपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. निवृत्तांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब परवान्याच्या मुदतीची आहे. वयाच्या ५५ व्या वर्षानंतर नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र लागते. ६० व्या वर्षी निघालेल्या गृहस्थाची ६५ व्या आणि ७० व्या वर्षी अशी परीक्षा ठरलेली आहे. मोतीबिंदू, मधुमेह, गुडघे यांचा विचार करता हा नियम जाचक नसून हितकारकच म्हणावा लागेल. दुसरे असे की, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास कलम ४७ नुसार तेथे नवी नोंदणी करावी लागते. एमएच-२७ किंवा एमएच-३० क्रमांकाची गाडी घेऊन गोव्यात वा कर्नाटकात दीर्घ मुक्काम करणाऱ्यांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात कॅराव्हॅन भाड्याने देणारे आणि त्यांच्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली उद्याने उभारणारे, अशा दोघांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून सवलती मिळण्याची तरतूद आहे. हे धोरण पर्यटनासाठी आहे. त्यात कायमच्या रहिवासाचा विचार नाही. मोटारघरात बारा महिने राहू इच्छिणाऱ्याला आपली मुक्कामाची साखळी स्वतःच जुळवावी लागते.

पाणी गोडे आहे का?

दोन माणसांनी काटकसर केली तरी पिणे, स्वयंपाक, भांडी, आंघोळ आणि शौच यांसाठी दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागते. १०० लिटरची टाकी दोन दिवसांत रिकामी होते. याचाच अर्थ, मोटारघराची सारी दिनचर्या पाण्याच्या पुढच्या ठिकाणाभोवती फिरते.

वऱ्हाडात या प्रश्नाला एक खास पदर आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजल खारे असून पिण्यास योग्य नाही. रस्त्याकडेच्या ढाब्यावरील बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी टाकीत भरण्यापूर्वी ते कोठले आहे हे विचारलेच पाहिजे. क्षारांमुळे गिझर, पंप आणि नळ लवकर निकामी होतात. साध्या गाळणीने क्षार जात नाहीत. त्यासाठी आरओ यंत्रणा लागते आणि ती बरेच पाणी वाया घालवते. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणातून आणि अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा प्रकल्पातून नळाचे पाणी मिळते. शहर सोडण्यापूर्वी नातलगाच्या नळावर टाकी भरून घेणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवावी.

पाणी भरण्याइतकाच ते टाकण्याचा प्रश्न गंभीर आहे. मोटारघरात सांडपाण्याची आणि मैल्याची अशा दोन स्वतंत्र टाक्या असतात. मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय असलेली केंद्रे पाश्चात्त्य देशांत जागोजागी असतात. आपल्याकडे ती नाहीत. त्यामुळे बाहेर काढता येणारी छोटी पेटी असलेले शौचालय बसवावे आणि ती पेटी सेप्टिक टँक असलेल्या स्वच्छतागृहातच, मालकाच्या परवानगीने रिकामी करावी. नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा धरणाच्या काठी मैला टाकणे हा अपराध तर आहेच, पण गाडगेबाबांच्या जिल्ह्यातून निघालेल्यांना तो अधिकच अशोभनीय आहे.

उन्हाळा आणि विजेचे गणित

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याची गाडी उन्हात उभी असेल तर आतील हवा बाहेरच्याहूनही तापते. साठीनंतर उष्माघाताचा धोका वाढतो. रक्तदाबाची काही औषधे आणि शरीरातील पाणी कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तो अधिक असतो.

छतावर सौर पट्ट्या आहेत म्हणजे वातानुकूलन यंत्र चालेल, हा समज चुकीचा आहे. ४०० वॅटच्या पट्ट्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण दीड ते दोन युनिट वीज देतात. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम २.४ युनिट मावतात. दिवे, पंखा, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप आणि मोबाइल यांना ती पुरते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र मात्र रात्रीच्या आठ तासांतच सहा ते आठ युनिट खाते. तेव्हा उन्हाळ्यात बाहेरून वीजजोडणी मिळेल अशी जागा हवी, नाहीतर थंड ठिकाणी जावे.

असे ठिकाण वऱ्हाडातच आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा अमरावतीहून परतवाड्यामार्गे काही तासांवर आहे. घाटात वळणे अरुंद असल्याने मोठे वाहन दिवसाच न्यावे. भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे जंगल असल्यामुळे रस्त्याकडेला गाडी उभी करून रात्र काढणे तेथे सर्वथा वर्ज्य आहे. वनविभागाच्या वेळा आणि नियम आधी विचारावेत. उन्हाळी हंगामात तेथील जागाही अपुऱ्या पडतात. म्हणून मुक्काम आधीच ठरवावा.

स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा. तो पेट्रोल पंपांवरही मिळतो आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. सिलिंडर हवेशीर, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात घट्ट बांधावा. गाडी चालू असताना शेगडी पेटवू नये, तसेच पलंगावर झोपून प्रवास करू नये.

मुक्काम कोठे करावा?

सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलवण्याचा आदेश पोलीस देऊ शकतात. त्यामुळे रस्त्याकडेला आठवडाभर बिऱ्हाड मांडता येत नाही. आपल्याकडे कॅराव्हॅन उद्यानांची वानवा असली तरी धार्मिक संस्थानांची भक्तनिवासे, पर्यटन विकास महामंडळाची विश्रामस्थळे, कृषी पर्यटन केंद्रे, मंगल कार्यालयांची आवारे आणि नातलगांचे वाडे असा पर्याय आहे. आवारात गाडी उभी करू देण्याचा निर्णय अर्थातच ज्या-त्या व्यवस्थापनाचा असतो. आधी फोन करून विचारावे, हेच शिष्टसंमत होय. अकोल्याहून शेगाव, पुढे लोणार. अमरावतीहून मोझरीचा गुरुकुंज आश्रम, कौंडिण्यपूर, रिद्धपूर आणि बहिरम. अकोटमार्गे नरनाळा, अशी छोटी वर्तुळे हिवाळ्यात सहज पूर्ण होतात.

रस्ते आता चांगले आहेत. अमरावती ते अकोला हा पट्टा राष्ट्रीय महामार्ग ५३ वर येतो. याच दोन जिल्ह्यांत जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून गिनीज विक्रम नोंदवण्यात आला. अमरावती जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबईपर्यंत जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मात्र जड, उंच मोटारघराने सिमेंटच्या रस्त्यावर वेगाची स्पर्धा करू नये. टायरमधील हवा आणि टायरचे वय पाहिल्याशिवाय उन्हाळ्यात या मार्गावर जाऊ नये.

पावसाळ्यात वऱ्हाडी प्रवाशाने काळ्या मातीला विसरता कामा नये. कापसाची ही जमीन कोरडी असताना कठीण भासते. एका पावसात तिचा चिखल होतो आणि तीन-चार टनांची गाडी आसापर्यंत रुतते. गाडी डांबरी, फरशीच्या किंवा मुरमाच्या जागेवरच उभी करावी. जून ते सप्टेंबर हे महिने पक्क्या घरी काढणे शहाणपणाचे ठरते.

पत्ता, पेन्शन आणि मतदान

आधार, बँक, आयकर, विमा, वाहन नोंदणी या साऱ्यांना कायमचा पत्ता लागतो. घर विकून टाकले तर हे सारे कागद लोंबकळत राहतात. मतदार यादीसाठी ‘सामान्यतः रहिवासी’ असणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० नुसार केवळ घराची मालकी असल्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. त्याचप्रमाणे तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपतही नाही. दर वर्षी काही महिने परत येणाऱ्याची बाजू त्यामुळे बळकट राहते. पत्ता कायमचा तोडणाऱ्याची राहत नाही.

निवृत्तिवेतनधारकाला नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’ या २०१४ पासूनच्या डिजिटल सोयीमुळे तो कोठूनही देता येतो. चेहऱ्याच्या ओळखीने दाखला देण्याची पद्धत निघण्याआधी पुसट झालेल्या बोटांच्या ठशांमुळे ज्येष्ठांची अडचण होई. ती आता बरीच कमी झाली आहे. तरीही निघण्यापूर्वी आधार, मोबाइल क्रमांक आणि पेन्शन खाते यांची जोडणी तपासून घ्यावी.

दवाखान्याची ओळख

घरी असताना रात्री दोन वाजता छातीत दुखले तर कोणाला हाक मारायची हे ठाऊक असते. अनोळखी गावात ती माहिती नसते, आणि मोटारघराचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. मुक्कामाच्या गावी पोहोचताच जवळचे मोठे रुग्णालय कोणते आणि तेथवरचा रस्ता कोणता, हे कागदावर लिहून समोर लावावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना गाडी नेमकी कोठे उभी आहे हे सांगता आले पाहिजे. औषधांची महिन्याची रसद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती आणि जुना ईसीजी जवळ असावा. अमरावती व अकोला येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये असल्याने नेहमीच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी परत येऊन तेथेच करणे इष्ट. एकाच डॉक्टराकडे नोंदी राहिल्या तर निदान सोपे जाते.

आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत ते राज्याबाहेरही वापरता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे लाभार्थी असलेल्यांना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. ६० ते ७० या वयोगटाने मात्र खासगी आरोग्य विम्याचाही विचार करावा. तो नोकरी सुटण्यापूर्वीच घेतलेला बरा.

घर विकावे काय?

साऱ्या निर्णयाची कळ याच प्रश्नात आहे. मोटारघर हे शेवटी वाहन आहे. त्याची किंमत दर वर्षी घटते. घराची सहसा घटत नाही. राहते घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर दुसरे घर घेतल्यास किंवा ठरावीक रोख्यांत पैसे गुंतवल्यास करसवलत मिळते. वाहन घेतल्यास मिळत नाही. ज्येष्ठांसाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या उलट गहाण योजनेतही घरात स्वतः राहण्याची अट असल्याने ती या जीवनक्रमाशी जुळत नाही.

त्यापेक्षा घराचा एक भाग नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने देऊन एक-दोन खोल्या स्वतःकडे ठेवणे श्रेयस्कर. भाड्याचा हातभार लागतो, घरात दिवा लागतो, पत्ता टिकतो आणि परतण्यास जागा राहते. ज्यांना एवढे घर सांभाळणे जड जाते त्यांनी ते विकून छोटा फ्लॅट घ्यावा आणि उरलेल्या रकमेतून मोटारघराचा विचार करावा. एकुलते एक घर विकून गाडी घेऊ नये, हा नियम कठोर वाटला तरी मोडू नये.

मासिक खर्चाचा अंदाज आधी कागदावर मांडावा. महिन्याला १,५०० किलोमीटर प्रवास आणि लिटरला नऊ किलोमीटर धरले तर सुमारे १६७ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरल्यास केवळ इंधनाचे १५ हजार रुपये होतात. पथकर, विमा, टायर, दुरुस्ती आणि मुक्कामाचे शुल्क वेगळे. हळू फिरणाऱ्याचा खर्च निम्म्यावर येतो. एका ठिकाणी दोन-तीन आठवडे राहून मग पुढे सरकणे खिशाला आणि शरीराला, दोहोंनाही मानवते.

निर्णय दोघांचा

नवरा निवृत्त होतो तेव्हा बायकोचे स्वयंपाकघर निवृत्त होत नाही, ही आपल्या घरांतील वस्तुस्थिती आहे. मोटारघरात ओटा दोन फुटांचा होतो, पाणी मोजून मिळते आणि मैत्रिणी, भिशी, भजनी मंडळ, शेजारच्या काकू हे सारे मागे राहते. एकाची हौस दुसऱ्यावर लादली गेली तर सहा फूट रुंदीच्या खोलीत ती लपत नाही. कामाची वाटणी आधीच ठरावी. दोघांनाही गाडी चालवता यावी; किमान एकाच्या आजारपणात दुसऱ्याला ती सुरक्षित जागी नेता यावी. दोघांपैकी एक मागे राहिले तर पुढे काय, हा अप्रिय प्रश्नही निघण्यापूर्वीच बोलला जावा आणि मुलांच्या कानावर घालावा.

सुरुवात छोटी असावी. पहिल्या हिवाळ्यात भाड्याचे मोटारघर घेऊन दहा दिवस वऱ्हाडातच फिरावे. बिघाड झाला तरी घर दोन तासांवर असते. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारी असे तीन महिने काढून पाहावेत. पाणी भरणे, पेटी रिकामी करणे, रात्री अनोळखी आवारात झोपणे आणि एकमेकांची अखंड सोबत हे सारे तीन महिन्यांनंतरही गोड वाटले, तरच स्वतःच्या गाडीचा विचार करावा. आठ महिने चाकांवर आणि पावसाळ्याचे चार महिने घरी, अशी वाटणी बहुतेकांना मानवण्याजोगी आहे. आपल्याकडे संन्याशालाही चातुर्मासात एका जागी थांबण्याची परंपरा आहे. गृहस्थाश्रमी प्रवाशाने तेवढा विसावा घेण्यात कमीपणा मानू नये.